जगाचा भिंतीवरचा नकाशा, मराठी, ५६ बाय ४० इंच: कागदाला चार तारे, तारखेला शून्य

आमच्या वाचनालयात आधी जो जगाचा नकाशा होता त्यावर सोव्हिएत युनियन होता. गुलाबी, या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला. त्याला वाळवी लागली ती सैबेरियाकडून, आणि ती युरल ओलांडून अलीकडे आली तेव्हा कार्यकारिणीने ठराव केला की आता नवा घ्यावा. १,४५० रुपये मंजूर झाले. मी कार्यवाह, त्यात ३१ वर्षं बोटीवर काढलेली, तेव्हा नकाशा निवडण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. (गावात मला कप्तान म्हणतात. चीफ मेटच्या, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या पहिल्या अधिकाऱ्याच्या, वर मी कधी गेलो नाही, पण आता सांगायचं सोडून दिलंय.)

अट एकच होती, मराठी हवा. इंग्रजी नकाशे ढीगभर मिळतात. मराठीत शोधायला गेलं तर शाळेचे छोटे कागद, नाहीतर महाराष्ट्राचे जिल्हे. शेवटी एका ऑनलाइन दुकानात हा सापडला. दुकानाचं नाव लिहीत नाही, त्यांच्याशी माझं जे झालं ते पुढे येतंय. आधी वस्तूबद्दल.

माल जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आला. देवगडात जूनचा तिसरा आठवडा म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. कुरिअरवाल्याने तिठ्यावरच्या किराणा दुकानात नळी ठेवली आणि फोन करून तो पसार. पुठ्ठ्याच्या नळीचं एका बाजूचं झाकण निघालेलं होतं, आत अर्धा पेला पाणी. तरी नकाशाला काही झालेलं नव्हतं. याचं श्रेय लॅमिनेशनला. दोन्ही बाजूंनी आहे, कडा नीट बंद आहेत, चार महिन्यांत कुठे हवा शिरली नाही की फुगा आला नाही. आमच्याकडे पुस्तकांच्या कपाटात कापूर ठेवूनसुद्धा श्रावणात बुरशी येते, तिथे हे टिकलं म्हणजे कागदाचं काम चोख आहे.

वर-खाली लाकडी पट्ट्या आहेत, त्या मात्र सुमार. पावसात फुगून खालची पट्टी धनुष्यासारखी वाकली. टांगायचे आकडे खाऱ्या वाऱ्याने पंधरा दिवसांत गंजले आणि गंजाचा ओघळ थेट ग्रीनलँडवर उतरला. आकडे पितळेचे घाला. जांभ्याच्या भिंतीत नुसता खिळा धरत नाही, गिट्टी मारून स्क्रू लावावा लागतो, तोही सोबत येत नाही. लॅमिनेशन चकचकीत असल्याने ट्यूबलाइटचा पट्टा बरोबर ब्राझीलवर पडतो, दक्षिण अमेरिका बघायची तर डोकं तिरकं करावं लागतं.

मराठी बरी आहे. अगदी बरी. तुर्कस्तानला तुर्कस्तान म्हटलंय, उगाच 'टर्की' केलेलं नाही. समुद्रांची नावं तिरप्या अक्षरात, शहरांची उभ्या. चुका आहेत पण मोजक्या. मुलं त्या शोधतात आणि वहीत लिहून ठेवतात, त्यामुळे चुकांचाही उपयोग होतो.

आता मूळ दुखणं. या नकाशावर तारीख नाही.

बोटीवर मी बरीच वर्षं सेकंड मेट होतो. सेकंड मेट म्हणजे बारा ते चारची वॉच, म्हणजे पाळी, आणि चार्टांची, म्हणजे समुद्राच्या नकाशांची, देखभाल. दर आठवड्याला 'नोटिसेस टू मरिनर्स' यायच्या: अमुक दीपगृहाचा दिवा बदलला, तमुक बोया हलवला, इथे एक बोट बुडून पडली आहे. मग तो तो चार्ट काढायचा, जांभळ्या शाईच्या बारीक पेनाने दुरुस्ती करायची आणि डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात साल आणि नोटिशीचा नंबर टाकायचा. बोटीवर नवा अधिकारी आला की चार्ट उघडून तो आधी समुद्र बघत नाही, तो कोपरा बघतो. कोपऱ्यातला शेवटचा आकडा जुना असेल तर बाकीचं सगळं कितीही सुबक असो, त्यावर बोट हाकत नाहीत. काही चार्टांवर तर छोटी आकृतीच असते, की हा तुकडा अमुक साली मोजला, तो तुकडा त्याच्याही आधी, शिशाचा गोळा दोरीने सोडून. आपल्या देशाचे समुद्राचे चार्ट डेहराडूनला तयार होतात, हे सांगितलं की आमच्याकडचे खलाशी पोट धरून हसतात, पण तिथेही कोपरा कोरा ठेवत नाहीत.

या नकाशाच्या चारी कोपऱ्यांत काय आहे? एकात छापणाऱ्याचं नाव. एकात भारताच्या सीमांबद्दलची नेहमीची सूचना. एकात प्रमाण, जे जगाच्या नकाशावर फार तर विषुववृत्तापुरतं खरं असतं. चौथ्यात होकायंत्राचं फूल, सोनेरी. साल कुठेच नाही.

दुकानाला विचारलं, हा नकाशा कोणत्या तारखेपर्यंत अद्ययावत आहे? उत्तर आलं, "सर, लेटेस्ट आहे." म्हटलं, लेटेस्ट म्हणजे कधीचा? उत्तर आलं, "सर, आमच्याकडे यापेक्षा नवीन नाही." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा समाधानी आहात का म्हणून पाच तारे पाठवले, रंग भरून द्या म्हणून. तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार बंद.

मग तारीख आम्हीच काढायची ठरवली. शनिवारी दुपारी मुलं येतात, पाचवी ते नववीची, दहाबारा जण. त्यांना भिंग दिलं आणि सांगितलं, नकाशा किती वर्षांचा आहे ते शोधा. हा खेळ तुम्हीही करून बघा, कुठल्याही नकाशावर चालतो. दक्षिण सुदान आहे, म्हणजे २०११ नंतरचा. स्वाझीलँडच्या जागी एस्वातिनी, म्हणजे २०१८ नंतरचा. उत्तर मॅसिडोनिया, म्हणजे फेब्रुवारी २०१९ नंतरचा. लडाख वेगळं दाखवलंय, म्हणजे ३१ ऑक्टोबर २०१९ नंतरचा. दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीला मिळून एकच नाव, म्हणजे २६ जानेवारी २०२० नंतरचा. ही झाली अलीकडची हद्द. पलीकडची हद्द कझाकस्तानने दिली. राजधानीचं नाव 'नूर-सुलतान' छापलंय. ते मार्च २०१९मध्ये ठेवलं आणि सप्टेंबर २०२२मध्ये परत अस्ताना झालं. म्हणजे २०२० ते २०२२च्या मधला. अडीच वर्षांची फट उरली, ती काही केल्या मिटेना. तुर्कस्तानने २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांत नाव बदलून 'तुर्किये' केलं, पण आपण मराठीत पहिल्यापासून तुर्कस्तानच म्हणतो, त्यामुळे तो पुरावा बाद.

तेवढ्यात सातवीतली एक मुलगी कॅस्पियन समुद्रावर भिंग धरून म्हणाली, "कप्तानकाका, ह्या समुद्रात ह्या काय लिवलाहा? आणि बाण खंय जाता?"

समुद्रात लिहिलं होतं 'नागोर्नो-काराबाख (वादग्रस्त)'. जमिनीवर जागा नव्हती म्हणून नाव पाण्यात आणि तिथून एक केसासारखा बाण, आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्या मधोमध. बाणाच्या टोकाला ठिपक्यांच्या रेषेने आखलेला एक तुकडा, तांदळाच्या दाण्याएवढा. मी भिंग हातात घेतलं. ठिपक्यांची रेषा पश्चिमेला आर्मेनियाला सरळ चिकटलेली होती आणि दक्षिणेला इराणच्या हद्दीपर्यंत उतरत होती. म्हटलं, सापडली! अशी रेषा १९९४ ते नोव्हेंबर २०२० एवढ्याच काळात जमिनीवर होती. म्हणजे आमचा नकाशा २६ जानेवारी आणि १० नोव्हेंबर २०२०च्या मधला. लॉकडाऊनचा. 'लेटेस्ट' तो हाच.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या मुलीचं समाधान झालं नाही. "मगे आता तो देश खंय गेलो?"

तिला जे सांगितलं ते इथे लिहितो. परीक्षण लांबतंय, पण १,४५० रुपयांत एवढं बोलायचा हक्क मला मिळाला आहे असं मी समजतो. शिवाय त्या दाण्याशी माझी जुनी ओळख आहे.

१९८९च्या मार्चमध्ये मी थर्ड मेट होतो आणि आमची बोट ओडेसाला लागलेली होती, चहा घेऊन. धक्क्यावर पेट्या मोजायला जो टॅली क्लार्क होता तो जाड भुवयांचा, फार कमी बोलणारा. डिसेंबरमध्ये आर्मेनियात मोठा भूकंप झाला होता, २५,००० माणसं गेली होती, आणि तो बोटीबोटींवर जाऊन लोकरीचे कपडे गोळा करत होता. मी माझा स्वेटर दिला. गाव कुठलं विचारलं तर म्हणाला स्तेपानाकेर्त. मी म्हटलं, ते अझरबैजानात ना? चार्टरूममधल्या ॲटलासात तसंच होतं. त्याने टॅलीच्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने एक लांबट गोल काढला, त्यावर बोट ठेवून म्हणाला, "आर्त्साख." आणि परत पेट्या मोजायला लागला. तो शब्द मला कुठल्याच ॲटलासात सापडला नाही.

नाव उलगडलं की अर्धी गोष्ट कळते. 'नागोर्नो' हा रशियन शब्द, डोंगराळ. 'कारा' म्हणजे तुर्कीत काळा. आणि 'बाख' म्हणजे आपली बाग, तोच फारसी शब्द, जो आपण नारळी-पोफळीला लावतो. डोंगरातली काळी बाग. तीन भाषांचं हे नाव. तिथे बहुसंख्येने राहणाऱ्या आर्मेनियनांची भाषा मात्र त्यात नाहीच, ते आपलं आर्त्साख म्हणत राहिले. गांझासारचा त्यांचा मठ १३व्या शतकातला आहे. तिथल्या डोंगरात पाच आर्मेनियन सरदार होते, मेलिक म्हणायचे त्यांना, म्हणजे आपला मलिक. मग १८व्या शतकाच्या मध्यावर पनाह अली खानाने कड्यावर शुशाचा किल्ला बांधला आणि काराबाखची खानशाही उभी राहिली. अझरबैजानी लोकांना शुशा म्हणजे त्यांच्या संगीताचं माहेर. आर्मेनियन त्याच गावाला शुशी म्हणतात आणि तिथलं मोठं चर्च दाखवतात. एकाच कड्यावर दोघांची देवघरं. १८१३मध्ये, म्हणजे आपली पेशवाई बुडायच्या पाच वर्षं आधी, गुलिस्तानच्या तहाने इराणने हा मुलूख रशियाला देऊन टाकला.

झार गेला, १९१८मध्ये आर्मेनिया आणि अझरबैजान दोन्ही स्वतंत्र झाले आणि दोघांनी या डोंगरावर हक्क सांगितला. मार्च १९२०मध्ये शुशातली आर्मेनियन वस्ती जाळली गेली. मग लाल सेना आली. जुलै १९२१मध्ये बोल्शेविकांच्या कॉकेशस कचेरीने ४ तारखेला ठरवलं की काराबाख आर्मेनियाला द्यावं, आणि ५ तारखेला फिरवलं, अझरबैजानातच राहू द्यावं, स्वायत्तता देऊन. बैठकीला स्टालिन हजर होता. रात्रीत काय झालं यावर आजतागायत भांडण आहे. १९२३मध्ये स्वायत्त प्रांताची हद्द आखली ती अशी की आर्मेनियाला कुठे टेकूच नये. मधे लाचिनची एक चिंचोळी पट्टी ठेवली. खानकेंदी गाव राजधानी केलं आणि स्तेपान शाउम्यान या आर्मेनियन बोल्शेविकाच्या नावाने त्याचं स्तेपानाकेर्त केलं.

मुलांना आकार कळावा म्हणून सांगितलं: तो प्रांत ४,४०० चौरस किलोमीटरचा. आपला सिंधुदुर्ग ५,२०७. म्हणजे आपल्या जिल्ह्याहून लहान. १९८९च्या जनगणनेत तिथे माणसं १,८९,००० होती, त्यांत आर्मेनियन १,४५,०००, अझरबैजानी ४१,०००च्या आसपास. आता कल्पना करा, आपल्या जिल्ह्यातून वर जायला फोंडा, करूळ, भुईबावडा, आंबोली, सगळे घाट बंद आहेत आणि एकच रस्ता उरलाय. लाचिन म्हणजे तो घाट.

नववीतल्या एकाने लगेच विचारलं, बेळगाव-कारवारसारखं का? आमच्या पोरांना सीमाप्रश्न पाळण्यातच कळतो, महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल त्यांना तोंडपाठ नसेल पण त्यावरची भांडणं घरात ऐकलेली असतात. म्हटलं, सुरुवात तशीच, कागदावरच्या रेघेने आणि लोकांच्या अर्जाने. २० फेब्रुवारी १९८८ला तिथल्या प्रांतिक सोव्हिएतने, म्हणजे प्रांताच्या परिषदेने, ठराव केला, आम्हाला आर्मेनियाला जोडा. आठवड्याभरात अझरबैजानातल्या सुमगाईत शहरात आर्मेनियनांची कत्तल झाली. तुलना मी तिथेच थांबवली.

पुढचं भरभर सांगितलं, पण दोन ठिकाणी थांबलो. सोव्हिएत युनियन फुटला, काराबाखने स्वातंत्र्य जाहीर केलं, युद्ध पेटलं. वरून शुशातून खालच्या स्तेपानाकेर्तवर रॉकेटं पडत होती. दोन्हींत अंतर दहाएक किलोमीटर. २५-२६ फेब्रुवारी १९९२च्या रात्री खोजाली गावातून पळणाऱ्या शेकडो अझरबैजानी नागरिकांना आर्मेनियन फौजांनी मारलं. अझरबैजान आकडा ६१३ सांगतो. मे महिन्यात आर्मेनियनांनी शुशा घेतलं, मग लाचिनची पट्टी. पुढच्या वर्षभरात आजूबाजूचे अझरबैजानी जिल्हेही, जिथून पाच लाखांवर लोकांना घरं सोडावी लागली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने १९९३मध्ये चार ठराव केले. मे १९९४मध्ये युद्धबंदी झाली. मेलेले ३०,०००, दोन्हीकडचे बेघर दहा लाखांच्या घरात. आमच्या नकाशावरची ठिपक्यांची रेषा ती हीच. काराबाखला संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्याने देश म्हणून मान्यता दिली नाही. आर्मेनियानेही नाही.

माझी दुसरी ओळख इथली. २०१७मध्ये, नोकरीचं शेवटचं वर्ष होतं, बोटीवर इलेक्ट्रिशियन अझरबैजानी होता. गाव अग्दाम. म्हणजे याच ठिपक्यांच्या आतलं, १९९३पासून ओसाड, भिंतींचे दगडही लोकांनी काढून नेलेलं. तो सहा-सात वर्षांचा असताना निघाला होता. पण अग्दामचा फुटबॉलचा संघ होता, काराबाख नावाचा, तो बाकूत जाऊन खेळत राहिला आणि त्या वर्षी थेट चॅम्पियन्स लीगमध्ये पोचला. पहिला सामना चेल्सीशी, ६-० हरले. आमचा माणूस दोन दिवस मेसमध्ये जेवायला आला नाही. मग ॲटलेटिको माद्रिदशी दोन्ही सामने बरोबरीत सुटले तेव्हा त्याने सगळ्या क्रूला चहा पाजला, लिंबू आणि जॅम घालून. त्याच्या मोबाइलमध्ये सॅटेलाइटचा फोटो होता. छपरं नसलेल्या घरांच्या चौकोनातला एक चौकोन मोठा करून दाखवायचा. मी ओडेसाच्या क्लार्कची गोष्ट त्याला सांगायची का, यावर दोन वॉच विचार केला. सांगितली. तो म्हणाला, स्तेपानाकेर्तला त्याची आत्या राहायची, तिच्या शेजारी आर्मेनियन होते, डाळिंबाचं झाड सामायिक होतं. इतकंच.

२७ सप्टेंबर २०२०ला परत युद्ध पेटलं. ४४ दिवस. या खेपेला तुर्की ड्रोन होते आणि पारडं उलटं फिरलं. ८ नोव्हेंबरला अझरबैजानने शुशा घेतल्याचं जाहीर केलं. दोन्हीकडचे मिळून सात हजारांच्या आसपास मेले. मॉस्कोच्या मध्यस्थीने करार झाला, आजूबाजूचे जिल्हे अझरबैजानला परत मिळाले, रशियाचे १,९६० शांतिसैनिक आले, आणि काराबाखच्या उरलेल्या आर्मेनियनांना आर्मेनियाशी जोडणारी ५ किलोमीटर रुंदीची एक वाट उरली, लाचिनची. २० नोव्हेंबरला अग्दाम परत गेलं. इलेक्ट्रिशियनने मला मशिदीच्या मिनारांचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं.

डिसेंबर २०२२मध्ये तो एकुलता रस्ता अडवला गेला. नऊ महिने औषध, पीठ, गॅस, सगळ्याची तंगी. १९ सप्टेंबर २०२३ला अझरबैजानने हल्ला केला, दुसऱ्या दिवशी काराबाखने शस्त्रं ठेवली. मग रस्ता उघडला, तो बाहेर जायला. गणपतीला मुंबई-गोवा महामार्गावर होते तसली गाड्यांची रांग, घाटातून वळत वळत, एरवी काही तासांची वाट आणि लोक दिवसाहून जास्त वेळ गाडीत. आपले चाकरमानी पाचव्या-सातव्या दिवशी परत फिरतात म्हणून आपल्याला ती रांग आनंदाची वाटते. तिथे आठवड्याभरात एक लाखाहून जास्त माणसं गेली आणि मागे मूठभर उरली. निघण्यासाठी पेट्रोल भरायला रांगेत उभ्या असलेल्यांवर इंधनाचा साठा फुटला, १७०च्या वर मेले. २८ सप्टेंबरला हुकूम निघाला: १ जानेवारी २०२४पासून आर्त्साखचं प्रजासत्ताक बरखास्त. स्तेपानाकेर्तचं नाव अझरबैजानात आता खानकेंदी. २०२५च्या ८ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये दोन्ही देशांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरं केली.

"मगे आता थंय कोण रवता?" मुलीने विचारलं. म्हटलं, तीस वर्षांपूर्वी गेलेल्या अझरबैजानी कुटुंबांना सरकार आणून वसवतंय. कोणी अग्दामला, कोणी शुशाला. आणि आर्मेनियन आर्मेनियात, भाड्याच्या खोल्यांत. ती म्हणाली, म्हणजे नकाशा चुकलेला आहे. मी म्हटलं, चुकलेला नाही, जुना आहे. चुकलेला आणि जुना यांत फरक करता यावा म्हणून तर कोपऱ्यात तारीख लागते.

मग दुरुस्ती करायला घेतली. साधं पेन लॅमिनेशनवर टिकत नाही, बोट लागलं की पुसतं. सीडीवर लिहायचं पक्क्या शाईचं मार्कर लागतं, जांभळं देवगडात मिळालं नाही, कणकवलीहून आणवलं. अडचण अशी की सगळ्यात बारीक मार्करची रेघसुद्धा या प्रमाणावर पंधरा-वीस किलोमीटर रुंद होते. ठिपक्यांची रेषा खोडायला गेलं तर शुशा, स्तेपानाकेर्त, लाचिन, सगळं एका फटकाऱ्यात बुडतं. चार्टवर ज्या खडकाची खात्री नसते त्यापुढे 'ई. डी.' लिहायची पद्धत आहे, अस्तित्व संशयास्पद. क्षणभर तेच मनात आलं होतं. पण तिथल्या एका माणसाने माझा स्वेटर नेलेला आहे, दुसऱ्याने मला लिंबाचा चहा पाजलेला आहे. हात धजला नाही.

शेवटी दाण्याला हातच लावला नाही. बाणाच्या दुसऱ्या टोकाला, कॅस्पियन समुद्रात, छापील नावाखाली जांभळ्या अक्षरांत लिहिलं: 'आर्त्साख १९९१–२०२३. आता अझरबैजान.' त्याखाली मुलीच्या आग्रहावरून 'स्तेपानाकेर्त = खानकेंदी'. एवढ्यात समुद्र भरला. नूर-सुलतानवर काट मारून अस्ताना केलं. आणि डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, होकायंत्राच्या सोनेरी फुलाशेजारी, तारखेसह दुरुस्ती क्रमांक १ आणि २ टाकले. फुलाच्या बाजूला अजून चांगली वीतभर जागा आहे.

तर हिशेब असा. कागद, छपाई, लॅमिनेशन चार तारे. पट्ट्या आणि आकडे दीड. मराठी साडेतीन. तारीख शून्य. दुकानाची बोलण्याची पद्धत मोजत नाही, नाहीतर सरासरी फारच खाली येईल. एकूण तीन द्यायला हरकत नाही, घ्यायलाही हरकत नाही. घेणार असाल तर पावसाळ्यात मागवू नका, पट्ट्यांना आल्या आल्या वॉर्निश मारा, भिंत जांभ्याची असेल तर चार गिट्ट्या आणि पितळी आकडे वेगळे आणा, आणि मार्कर जांभळंच घ्या. काळं समुद्राच्या निळ्यावर दिसत नाही.